सर्रा रोगाचा इतिहास आणि आपला गोठा



मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट येतात. लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या दावणी लागतात. अर्धापूरकडची मंडळीही जातात, जनावर पारखतात, सौदा करतात आणि दावे धरून घरी येतात. दात पाहिले, खूर पाहिले, चाल पाहिली, पाठीवर थाप मारली. सगळे ठीक. पण रक्तात काय आहे ते डोळ्यांना कुठे दिसते?

या पत्रकात आपण अशाच एका न दिसणाऱ्या रोगाचा इतिहास पाहणार आहोत. रोगाचे नाव सर्रा. रेडिओवर ऐकलेले कामाच्या गडबडीत विसरते, म्हणून हे कागदावर छापून दिले आहे. आधी इतिहास कशासाठी, असे तुम्ही म्हणाल. तर या रोगाबद्दल आपण आज जी काळजी घ्यायची, तिच्यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कधीतरी, जनावरे गमावून शिकलेली आहे. ते समजले म्हणजे काळजी घेणे जाचक वाटत नाही.

डेरा इस्माईल खान, सन १८८०

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. आपला नांदेड मुलूख निजामाकडे होता. वायव्येला सिंधू नदीच्या काठी डेरा इस्माईल खान नावाची लष्कराची छावणी होती. आज ते गाव पाकिस्तानात आहे. तिथे घोडे आणि उंट मरू लागले. चारापाणी भरपूर, तरी जनावर वाळत जाई. ताप येई, उतरे, पुन्हा येई. पाय आणि पोटाखालचा भाग सुजे. शेवटी मागचा भाग लुळा पडून घोडा खाली बसे तो उठत नसे.

सरकारने ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याला चौकशीसाठी पाठवले. हा मूळचा वेल्स देशचा. त्याने आजारी घोड्याचे रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरले. रक्ताच्या तांबड्या पेशींमध्ये मासोळीसारखे वळवळणारे बारीक जीव त्याला दिसले. मग त्याने ते रक्त निरोगी जनावरांना टोचून पाहिले. त्यांनाही तोच आजार झाला. इव्हान्सने अहवाल लिहिला की हा जीवच रोगाचे कारण आहे, आणि चावऱ्या माश्या तो पसरवत असाव्यात.

पण त्याचे वरिष्ठांना पटले नाही. कारण दोनच वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, कलकत्त्यात टिमोथी लुईस याने उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर तर ठणठणीत होते. तेव्हा असे जीव निरुपद्रवी असतात, असा समज पक्का झाला होता. खरी गोष्ट अशी की दोन्ही एकाच घराण्यातले, पण वेगवेगळे. गवतात धामणही असते आणि नागही असतो, तसे हे. इव्हान्स शंभर वर्षांचा होऊन १९३५ साली वारला. आपले म्हणणे खरे ठरलेले त्याने डोळ्यांनी पाहिले.

परळचे कॉलेज आणि पुण्याची प्रयोगशाळा

यानंतरची गोष्ट आपल्या महाराष्ट्राकडे येते. १८८५ साली ब्रह्मदेशात लष्कराच्या खेचरांमध्ये हाच रोग आला. तिथे जॉन हेन्री स्टील या पशुवैद्याने त्याचा अभ्यास केला आणि त्या जीवाला इव्हान्सचे नाव दिले. आजही शास्त्रात त्याचे नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय असेच आहे. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईला परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्याचे पहिले प्राचार्य हेच स्टील.

९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याला सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे जे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नावाजले, त्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात ती होती. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. त्यांच्यापुढे जी महत्त्वाची कामे होती, त्यांत घोड्यांचा सर्रा हे एक. आजारी घोड्यांचा ताप रोज मोजायचा, रक्त तपासायचे, जीव किती दिसतात ते लिहून ठेवायचे, असे चिकाटीचे काम त्यांनी केले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. रक्तातले जीव वाढले की ताप चढतो, ते दिसेनासे झाले की ताप उतरतो. आणि काही दिवसांनी दोन्ही परत येतात. १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा पुण्याहून कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. वस्तीपासून लांब, म्हणजे जंतू बाहेर पडण्याची भीती नको. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था हा त्याच रोपाचा वाढलेला वृक्ष आहे.

माशीचा गुन्हा कसा शाबीत झाला

मुक्तेश्वरलाच लिओनार्ड रॉजर्स यांनी माश्यांवर प्रयोग केले आणि १९०१ साली ते प्रसिद्ध झाले. जनावराला कडकडून चावणारी मोठी गोमाशी तुम्ही पाहिली आहे. तिच्या चाव्यातून रक्ताचा थेंब बाहेर येतो. रॉजर्सनी अशा माश्या आधी आजारी जनावरावर बसवल्या आणि लगेच निरोगी जनावरावर. रोग लागला. पण माशी मध्ये बराच वेळ, एखादा दिवस ठेवून मग बसवली, तर रोग लागला नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. सर्राचा जंतू या माशीच्या पोटात वाढत नाही. माशीचे तोंड म्हणजे धुतली नसलेली सुई. एका जनावराचे ओले रक्त तोंडाला लागलेले असते. जनावराने शेपटी मारली, कातडी थरथरवली की माशी अर्धवट पोटाने उडते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तेवढ्या वेळात जंतू जिवंत राहतो. रक्त वाळले की संपला. म्हणून आजारी जनावर निराळे आणि दूर बांधले तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

हीच गोष्ट इंजेक्शनच्या सुईची. एकाच सुईने ओळीने दहा जनावरे टोचली तर ती सुई दहा माश्यांचे काम करते.

गोचीड तापाशी याची गल्लत करू नका. गोचिडीमुळे होणारे थायलेरिया आणि बबेसिया हेही एकपेशीय जीवांचेच रोग. पण ते जीव रक्तपेशींच्या आत शिरतात आणि गोचिडीच्या अंगात वाढतात. सर्राचा जीव पेशीत शिरत नाही, रक्ताच्या पाण्यात पोहत राहतो. या सगळ्यांना एकच औषध चालत नाही, म्हणून तपासणीशिवाय उपचार नको.

धडधाकट दिसणाऱ्या गुरांनी नेलेला रोग

आता इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा. १९०१-०२ च्या सुमारास हिंदुस्थानातून मॉरिशस बेटावर गुरे नेण्यात आली. आपली मराठी माणसे ऊसमळ्यांवर मजुरीला गेली, तेच हे बेट. गुरे दिसायला चांगली होती. पण त्यांच्याबरोबर सर्रा बेटावर उतरला आणि तिथली जनावरे मोठ्या संख्येने मेली.

१९०६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या एका पशुपालकाने हिंदुस्थानातून वळू नेले. तिथल्या सरकारने ते थेट गावात जाऊ दिले नाहीत. न्यूयॉर्कजवळ एका बेटावर रोखून रक्त तपासले. काहींमध्ये सर्रा निघाला. ती जनावरे मारून टाकली आणि बाकीची कसून तपासूनच सोडली. अमेरिकेत हा रोग शिरला नाही.

दोन्हीकडे गुरे आपल्याच देशातली. फरक एवढाच की एका ठिकाणी जनावर रोखून रक्त पाहिले, दुसऱ्या ठिकाणी पाहिले नाही.

असे का होते? घोडा, गाढव, उंट आणि कुत्रा यांना सर्रा झाला तर तो दिसतो आणि उपचार नसेल तर बहुधा जीव घेतो. राजस्थानात उंटाच्या या आजाराला तिबरसा म्हणतात, कारण तो तीन-तीन वर्षे रेंगाळतो. गाय, बैल, म्हैस यांच्या अंगात मात्र जंतू महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो. जनावर खाते, काम करते, थोडे दूध कमी देते इतकेच. मग ऐन कामाच्या ताणात, गाभणपणात किंवा दुसऱ्या आजारात तो एकदम उसळतो.

रक्तात हा जंतू करतो तरी काय?

एका केसाच्या जाडीपेक्षाही लहान असा हा एकाच पेशीचा जीव. याला तोंड नाही, पोट नाही. पण भूक मोठी आहे. जनावराच्या रक्तात जी साखर असते, म्हणजे ग्लुकोज, तिच्यावर तो जगतो. आपल्या पेशी साखर पूर्ण जाळून तिच्यातली सगळी शक्ती काढून घेतात. हा जंतू तसे करत नाही. लाकूड जरा पेटले की ते अर्धे जळालेले बाहेर फेकायचे आणि चुलीत नवे घालायचे, अशी त्याची उधळी रीत. जळण फुकटचे आहे, तर काटकसर कशाला? स्वतःच्या अंगात तो साठाही ठेवत नाही. म्हणून त्याला साखर सतत लागते. काही तासांत एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. रक्तात जंतू फार झाले की जनावराची साखर खालावते आणि जनावर गळून जाते.

अशा वेळी नुसते सलाईन लावून जनावर दोन दिवस तरतरीत दिसते. ग्लुकोजचा जनावराला आधार होतो हे खरे. पण त्याने जंतू मरत नाही.

मग जनावराचे शरीर त्याला मारत का नाही? मारते. पण हा पक्का बहुरूपी आहे. त्याच्या अंगावर प्रथिनाचा एक अंगरखा असतो. शरीर तो अंगरखा ओळखून त्याविरुद्ध हत्यारे तयार करते आणि बहुतेक जंतू मारून टाकते. ताप उतरतो, आपल्याला वाटते बरे झाले. पण तेवढ्यात चार-दोन जंतूंनी अंगरखा बदललेला असतो. त्यांना शरीर ओळखत नाही. ते वाढतात, ताप पुन्हा येतो. असे शेकडो अंगरखे त्याच्या गाठोड्यात आहेत. सर्रावर आजवर लस निघाली नाही, ती याच कारणाने.

या लढाईत नुकसान जनावराचेच. जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्या तांबड्या पेशीही मोडून टाकते, म्हणून रक्त पातळ होते आणि डोळ्यांची आतली कातडी फिकी पडते. अंगाची प्रतिकारशक्ती थकते. सर्रा असलेल्या जनावराला घटसर्पाची लस टोचली तरी ती नीट लागू पडत नाही, असे दिसून आले आहे. लस घेऊनही म्हैस गेली, असे आपण म्हणतो तेव्हा कधी कधी आत हे कारण असते. काही जनावरांत जंतू मेंदूकडे पोचतो. मग बैल गोल गोल फिरतो, भिंतीला डोके दाबून उभा राहतो, दात खातो, थरथरतो. कोणी बाहेरचे झाले म्हणते, कोणी नजर लागली म्हणते. जनावर मात्र सुईअभावी मरते.

औषधांचा प्रवास

पहिले औषध सोमल. लिंगार्ड यांनी घोड्यांना सोमल देऊन पाहिले. काही सावरले, पण सोमलाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरामिन तयार झाले. १९५० च्या सुमारास क्विनापायरामिन आले आणि पाठोपाठ डायमिनाझिन. क्विनापायरामिनचे दोन क्षार एकत्र देतात. सल्फेट लवकर विरघळून अंगातले जंतू मारते, क्लोराइड हळूहळू विरघळून काही काळ पहारा देते.

पण इथेही एक धडा आहे. आफ्रिकेत हे औषध कमी मात्रेत, अंदाजाने, वारंवार वापरले गेले. अर्धमेले जंतू उरले आणि त्यांची प्रजा औषधाला दाद देईना. १९७० च्या दशकात कारखान्याने ते औषध मागे घेतले. पुढे उंट-घोड्यांसाठी ते पुन्हा आले. तेव्हा पैसे वाचवायला अर्धी बाटली टोचणे म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यासाठीही दुखणे वाढवून ठेवणे आहे. शिवाय ही औषधे कडक आहेत. गाईला चालणारी मात्रा घोड्याला किंवा उंटाला बाधू शकते. ती डॉक्टरच्या हातूनच द्यावीत.

चंद्रपूरची गोष्ट, सन २००४

सर्रा माणसाला होत नाही, असे सव्वाशे वर्षे सगळे मानत होते. १९०२ मध्ये लॅव्हेरान या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले होते की माणसाच्या रक्तातला पिवळा द्रव अशा जंतूंना मारतो. पण २००४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यात, एका शेतकऱ्याला येता-जाता ताप सुरू झाला. महिने गेले, ताप हटेना. रक्त तपासले तर त्यात सर्राचा जंतू. माणसाच्या अंगात हा जंतू नक्की सापडल्याची ही जगातली पहिली नोंद.

शास्त्रज्ञांनी कारण शोधले. आपल्या रक्तात एक प्रथिन असते. जंतू खाण्याच्या भरात तेही गिळतो. आत गेल्यावर ते प्रथिन जंतूला भोके पाडते, जंतू फुगून मरतो. त्या शेतकऱ्याच्या अंगात जन्मतःच हे प्रथिन तयार होत नव्हते. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांना सुरामिन देऊन जंतूंचा नायनाट केला. त्या भागातल्या १,८०६ लोकांचे रक्त तपासले. जंतूशी संबंध आल्याच्या खुणा काहींमध्ये दिसल्या, पण जंतू कोणाच्याही रक्तात सापडला नाही.

तेव्हा घाबरायचे कारण नाही. आपल्यापैकी जवळजवळ सर्वांजवळ हे कवच आहे. पण आजारी किंवा मेलेल्या जनावराचे रक्त हाताच्या जखमेला लागू देऊ नये, एवढे शहाणपण यातून घ्यावे.

आता आपण काय करायचे?

ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्याचे पाणी आले, केळी-हळदीचे मळे पिकले. ही भाग्याची गोष्ट. पण गोमाशीची अंडी-अळ्या ओल्या चिखलातच वाढतात, हेही खरे. म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने डोळ्यात तेल घालून राहावे.

१. यात्रेतून किंवा बाजारातून आणलेले जनावर लगेच दावणीला बांधू नका. निदान महिनाभर वेगळे आणि लांब ठेवा. त्या काळात ताप बघा आणि रक्त तपासून घ्या.

२. ताप येऊन जात असेल, चारा खाऊनही जनावर वाळत असेल, पाय किंवा पोटाखाली सूज असेल, दूध एकदम आटले किंवा गाभ गेला असेल, तर सर्राची शंका घ्या.

३. रक्त ताप चढलेला असताना आणि औषध टोचण्याआधी काढून घ्यावे. कानाच्या शिरेतला एक थेंब काचेवर पुरतो. एकदा जंतू दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या आजारात तो दडतो. डॉक्टरांना परत तपासायला सांगा. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत याचा सल्ला मिळतो. घोड्यांसाठी हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे.

४. गोल फिरणारे, डोके आपटणारे जनावर पिसाळलेलेही असू शकते. त्याच्या तोंडात हात घालू नका. आधी डॉक्टर.

५. प्रत्येक जनावराला नवी सुई. लसीकरणाच्या दिवशीही हा आग्रह धरा. सुईचे चार पैसे जनावरापुढे काहीच नाहीत.

६. घोडा आणि गुरे एकाच छपराखाली बांधू नका. गुरांकडून घोड्याला रोग जातो तो असाच.

७. शेण रोज उचलून उकिरडा गोठ्यापासून दूर करा. मूत साचू देऊ नका. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. माशी मारणारे औषध डॉक्टरांना विचारून अंगावर फवारा.

८. मेलेले जनावर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. ताजे मांस खाऊन कुत्र्यांनाही सर्रा होतो.

९. गावात एका गोठ्यात रोग निघाला तर लपवू नका. दवाखान्यात कळवा आणि शेजाऱ्यांना सांगा. गोमाशीला बांध आणि कुंपण कळत नाही.

बंधू-भगिनींनो, १८८० मध्ये एका पशुवैद्याने रक्ताचा थेंब पाहिला आणि रोगाचे मूळ सापडले. आजही सर्रा ओळखण्याची सुरुवात त्याच थेंबापासून होते. येत्या यात्रेला जाल तेव्हा जनावराचे दात जरूर पाहा. पण घरी आणल्यावर दावणीला बांधण्याआधी रक्तही दाखवा. हे पत्रक वाचून झाले की शेजारच्या गोठ्यावर द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.